भेटीनंतर चिमी दोन-तीन दिवस आमची राहत नाही. भेटी कमी करायला सांगू का?

शनिवारवाली:
नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सात महिन्यांपासून एक मुलगी फॉस्टरमध्ये आहे, म्हणजे आईकडे राहता येत नाही म्हणून तात्पुरती सांभाळायला. वय साडेपाच. खरं नाव लिहीत नाही, चिमी म्हणू. तिची आई दर पंधरा दिवसांनी शनिवारी तिला भेटते. ऑफिसातली एक खोली, एक तास, कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या, देखरेख करणाऱ्या ताई. नेण्या-आणण्याचं काम माझं. तो तास मी बाहेर बाकावर काढते.

भेट वाईट होते म्हणावं तर तसंही नाही. दाराआडून दोघींचं हसणं मला ऐकू येतं. मग तास संपतो, चिमी बाहेर येते, गाडीत खिडकीकडे तोंड करून बसते आणि घरापर्यंत अवाक्षर नाही. रात्री अंथरूण ओलं. रविवारी मी केस विंचरायला घेतले की "तू हात लावू नकोस." सोमवारी शाळेतून हमखास तक्रार, मागच्या वेळी एका मुलाला चावली. मंगळवारी संध्याकाळी आपणहून मांडीत येऊन बसते तेव्हा मला कळतं, आली परत.

त्यात मागच्या दोन भेटींना आई आलीच नाही. दुसऱ्या वेळी चिमी सकाळी सातपासून बूट घालून तयार होती. पाऊण तास आम्ही बाकावर बसलो. ताईंनी बाहेर येऊन मान हलवली. घरी आल्यावर तिनं बूट काढू दिले नाहीत. बूट घालूनच झोपली. रात्री मी हळूच नाडी सोडायला गेले, तर झोपेतसुद्धा पाय पोटाशी ओढून घेतले.

तीन आठवड्यांनी आढावा बैठक आहे. मला मत विचारतील. भेटी महिन्यातून एकदाच ठेवा असं सांगावं का? मुलीच्या भल्यासाठी विचारतेय असं वाटतं खरं. पण त्या दिवशी आई आली नाही तेव्हा पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं होतं, तेही इथे लिहून टाकते.

सरळ_बोलतो:
यात विचारायचं काय? मुलीला त्रास होतोय, तर बंद करा. दोन वेळा दांडी मारणाऱ्या आईची एवढी काळजी कशाला?

उंबरठा:
वरच्या दादांचं सोडा.

शनिवारवाली ताई, बुटांपाशी मी वाचायची थांबले आणि चहाचा कप तसाच गार झाला. अकरा वर्षांत माझ्याकडे नऊ मुलं राहून गेली, त्यातल्या सहा जणांच्या भेटी चालू होत्या. तुमचा शनिवार ते मंगळवार मला पाठ आहे.

आधी सोप्या गोष्टी. आई तिथे पोचली असा फोन आल्याशिवाय घरातून निघायचं नाही. मुलाला सांगायचंही नाही. ऑफिसला हे मागून घ्या, यात जगावेगळं काही नाही. आईनं वीस-तीस मिनिटं आधी येऊन बसायचं, मग ताईंनी तुम्हाला कळवायचं. भेट हुकली तरी मूल निदान बाकावर ताटकळत नाही. आणि साडेपाच वर्षांच्या मुलीला बुधवारपासून "शनिवारी आई, शनिवारी आई" ऐकवू नका. तिच्या वयाला तीन दिवस म्हणजे युग. त्या दिवशी फोन आल्यावर सांगितलं तरी पुरतं.

गाडीत काही विचारायचं नाही. "कशी झाली भेट?" हे आपण आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून विचारतो. छान झाली म्हणाली तर तुम्हाला वाईट वाटेल, वाईट झाली म्हणाली तर आईला दगा दिल्यासारखं होईल. पोर दोन्हीकडून अडकते. मी आपली रेडिओ लावायची. घरी गेल्यावर दर वेळी तेच: गरम पाण्याची आंघोळ, तेच जुनं गोष्टीचं पुस्तक, लवकर दिवे बंद. त्या रात्री पाहुणे नाहीत, अभ्यास नाही. ओल्या चादरीवर एक शब्दसुद्धा नाही, चादर बदलायची नि झोपायचं.

आणि आता जड गोष्ट. तुम्ही बाहेर बाकावर का बसता? पहिली पाच मिनिटं आत जा. दात हलायला लागला, सायकल शिकतेय, रात्री दचकून उठते, जे असेल ते तिच्या आईला सांगा, चिमीच्या देखत. एका आईनं मला विचारलं होतं, "अजून भिंतीकडेच तोंड करून झोपतो का?" मी हो म्हटलं. तो पोरगा आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्या दिवसापासून त्याचा सोमवार हलका झाला. लगेच नाही, पण झाला.

आईचा एखादा वापरलेला टी-शर्ट मागून घ्या, उशीखाली ठेवायला. धुवायचा नाही.

कोपऱ्यातली_वही:
मी त्या कोपऱ्यात वही घेऊन बसणाऱ्यांपैकी. तुमच्या केसबद्दल बोलणार नाही, पण "भेटीनंतर मूल बिघडतं, म्हणजे भेट वाईट" हे गणित इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहितेच.

हे गणित जुनं आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचे समाजसेवक मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या हाताखाली इस्पितळातल्या लहान मुलांचं निरीक्षण करत होते. तेव्हा आईबापांना भेटायला फार थोडा वेळ मिळे. कर्मचाऱ्यांचं म्हणणं असं, की मुलं छान रुळतात, आईबाप येऊन गेले की रडारड होते, मग येऊच कशाला द्यायचं? रॉबर्टसननी तासन्‌तास शेजारी बसून पाहिलं, तर ते रुळणं नव्हतंच. आधी मूल आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि फारच लांबलं तर आई समोर आली तरी ओळख दाखवत नाही. भेटीनंतरचं रडणं म्हणजे त्या गप्पपणाचं झाकण उघडणं. पुढे १९५९ साली तिथल्या सरकारी समितीनं मुलांच्या वॉर्डात आईबापांना मोकळेपणी येऊ द्यावं अशी शिफारस केली.

मला रॉबर्टसन यांचं त्यानंतरचं काम जास्त आवडतं. साठच्या दशकात त्यांनी आणि पत्नी जॉइस यांनी चार चिमुरडी, एकेक करून, आपल्याच घरी ठेवून घेतली. आया इस्पितळात होत्या. मुलांशी आईबद्दल रोज बोलायचं, तिचा फोटो जवळ ठेवायचा, वडिलांनी भेटायला यायचं. मुलांना त्रास झालाच. पण कोलमडली नाहीत.

तेव्हा "त्रास होतो का" एवढ्यावर थांबू नका. कसला त्रास ते बघा. बैठकीला मत घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. तारीख, वेळ, काय घडलं. "आईमुळे अस्वस्थ होते" असं लिहू नका, "रविवारी सकाळी नऊ, केसांना हात लावू दिला नाही" असं लिहा. भेटीआधीचे दोन दिवसही लिहा, ते सगळे विसरतात. आधी पोटात दुखतं का, लपून बसते का, एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होते का? असं काही दिसलं तर बैठकीची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. तिथे भेट थांबवणं योग्यच. आईला बघून धावत जाते आणि निघताना मोडून पडते, ते मात्र दुःख. दुःखावर भेट कमी करणं हा उपाय नाही. इतक्या लहान वयात तर उलट, कमी वेळाच्या पण लवकर लवकर भेटी बऱ्या.

भेट हे आईला दिलेलं बक्षीस नाही, म्हणून तिच्या चुकीची शिक्षा म्हणूनही ती कापता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं नववं कलम वाचा. आईबापांपासून वेगळं राहणाऱ्या मुलाला त्यांना नियमित भेटण्याचा हक्क आहे, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर. हक्क मुलाचा.

फॅनशेल आणि शिन या संशोधकांनी न्यूयॉर्कमधल्या ६२४ फॉस्टर मुलांचा पाच वर्षं माग ठेवला होता, १९७८ साली ते छापून आलं. ज्यांचे आईबाप भेटायला येत राहिले ती मुलं घरी परतण्याची शक्यता बरीच जास्त होती. अर्थात जे आईबाप सावरलेले असतात तेच भेटायलाही येतात, त्यामुळे भेटींनीच मुलं घरी गेली असं मी म्हणणार नाही. पण बैठकीत "काय फरक पडतो" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

दोनघरचा:
मी तो मुलगा होतो. आता चौतीस वर्षांचा आहे.

भेटीत मी अगदी शहाण्यासारखा वागायचो. वाटायचं, चांगलं वागलो तर आई आजच घेऊन जाईल. तास संपला की कळायचं, आजही जमलं नाही. मग राग काढायचा कुठे? आईवर काढला तर ती पुन्हा यायची नाही. फॉस्टर बाबांवर काढायचो, कारण ते कुठे जाणार नाहीत याची खात्री होती. त्यांचं घड्याळ फोडलं होतं मी. चिमी "हात लावू नकोस" तुम्हालाच म्हणते ना? ते तुम्हाला परवडेल म्हणून म्हणते.

शाळेच्या तक्रारींमुळे माझ्या भेटी एकदा चारेक महिने बंद केल्या. मी खरंच शांत झालो, सगळे खूश. मला कुणी कारण सांगितलं नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आई मेली.

पण माझ्या धाकट्या भावाचं वेगळं होतं. वडिलांच्या भेटीच्या दिवशी तो सकाळीच ओकायचा. भेटीत पुतळ्यासारखा बसायचा, नंतर काहीच दंगा नाही. म्हणून त्याच्या फाइलमध्ये "भेट सुरळीत" असं लिहिलं जायचं. त्याच्या भेटी बंद व्हायला हव्या होत्या, चालू राहिल्या. माझ्या बंद झाल्या. वरच्या ताई म्हणतात ते भेटीआधीचं लिहून ठेवणं म्हणूनच मला फार महत्त्वाचं वाटतं.

शनिवारवाली:
सगळ्यांचे आभार. दोनघरचा दादा, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं, नंतर नवऱ्याला वाचून दाखवताना मधेच थांबावं लागलं.

काल भेट झाली. आई पोचल्याचा फोन आला, मगच निघालो. मी आत गेले. पाय जड झाले होते, खोटं कशाला बोलू. दोघींना एकमेकींकडे बघवेना. शेवटी मी म्हटलं, "खालचा पुढचा दात हलतोय तिचा." तर आई म्हणाली, "मलाही आधी तोच पडला होता." चिमीनं लगेच आ करून दोघींना दात दाखवला, आधी तिला, मग मला.

निघताना आईनं हळूच सांगितलं. नवीन नोकरी लागलीय, दोन महिन्यांपासून शनिवारची पाळी. सुट्टी मागितली तर नोकरी जाईल अशी भीती, आणि भेटीचा वार बदलता येतो हे तिला माहीतच नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, बाकावर बसून नुसतीच चिडत होते. बैठकीत आता वार बदलायला आणि दर आठवड्याला अर्धा तास मागायला सांगणार आहे. मिळेल की नाही बघू. वही सुरू केलीय.

रात्री अंथरूण ओलं झालंच. आज सकाळी केस विंचरू दिले नाहीत, पण कंगवा माझ्या हातातून घेऊन स्वतःच विंचरले, भांग पार कानावर.

उंबरठा ताई, टी-शर्टही मिळाला. पण त्याला सिगारेटचा वास येतो हो, खोलीभर पसरलाय. एकदाच पाण्यातून काढला तर चालेल का?

उंबरठा:
नाही. खिडकी उघडी ठेवा.