१० बाय १२ च्या खोलीत टॉवर स्पीकर घेऊन फसलो का?

मंगळवारपेठी: मागच्या महिन्यात पुण्यात तासभर ऐकून टॉवर स्पीकरची (जमिनीवर उभे राहणारे उंच) जोडी घेतली. ६८ हजार. दुकानात डग्ग्याची थाप ऐकून अंगावर काटा आला होता. घरी तोच डग्गा नुसता घुम्म घुम्म करतोय. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, एका भिंतीला लोखंडी कपाट, म्हणून दोन्ही स्पीकर कोपऱ्यात लोटलेत. केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मात्र झकास वाजतात. बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे स्पीकर) निम्म्या पैशात मिळत होते. दुकानदार १५ हजार कापून परत घ्यायला तयार आहे. रात्री झोप नाही.

तांबडा_रस्सा: गल्लीत ट्रक घातलायस भावा. दे परत. केसरबाई झकास वाजणारच की, त्या काळच्या तबकड्यांत खालचा खर्ज फारसा उतरायचाच नाही, टॉवरला घुमायला मिळतंय काय? अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्येला ऐकायला पाच इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग) बास झाला.

खर्जातला_सा: साफ चूक. दोष खोलीचा आहे, शिक्षा स्पीकरला कशाला? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीनं भागा: ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं. १० फुटाला ५६. या दोन सुरांना तुमची खोली स्वतःच गुणगुणते, आणि कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर तिला आणखी चढवतो. पुण्यात जे ऐकलंत त्यात गालिचा, पडदे आणि भिंतीपासूनचं अंतर यांची करामत बरीच होती. आधी स्पीकर दोन फूट पुढे ओढा. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असतं, त्यात मोज्याची जोडी कोंबा, हसू नका, करून बघा. खाली घोंगडं टाका.

तांबडा_रस्सा: दोन फूट पुढं ओढल्यावर कपाट उघडायचं कुठनं? ६८ हजाराच्या वस्तूत मोजे कोंबायचे असतील तर ती वस्तू चुकली, एवढं सरळ आहे. शिवाय घोंगड्यानं टाळीचा घुमारा जाईल, ४७ हर्ट्झ नाही.

खर्जातला_सा: घोंगड्याचं मान्य. तेवढ्या खालच्या सुराला ते पुरत नाही. बाकी मुद्दा कायम.

राजारामपुरी_९वी_गल्ली: दोघंही बरोबर असाल, पण मंगळवारपेठी, वस्तू घरात आल्यावर परीक्षणं वाचायचं सोड आधी. मी अॅम्प्लिफायर घेऊन सहा महिने तेच केलं. गाणं एक नाही ऐकलं.

मंगळवारपेठी: काल मोजे कोंबले, स्पीकर दीड फूट ओढले (कपाट आता अर्धंच उघडतं). डग्गा बराच सुटा झाला. पण एक गंमत. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकली तर खर्ज जवळजवळ गायब, आणि मागच्या भिंतीला आईची कॉट आहे तिथं डोकं टेकलं की पुन्हा घुम्म.

खर्जातला_सा: होणारच. या सुरांचा दाब मध्यावर सगळ्यात कमी आणि भिंतीशी सगळ्यात जास्त असतो. खुर्ची मध्यापासून दीड-दोन फूट मागे घ्या.

तांबडा_रस्सा: म्हणजे स्पीकर हलवा, खुर्ची हलवा, आता आईची कॉट पण हलवा! आई काय म्हणतात?

मंगळवारपेठी: गणपतीतल्या डॉल्बीपेक्षा बरंय म्हणते. दुकानदारानं शनिवारपर्यंत मुदत दिलीय. खोकी अजून माळ्यावर आहेत, टाकलेली नाहीत.