रॉचेस्टरची बंद पडलेली भुयारी रेल्वे : अनुभव धागा

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात १ डिसेंबर १९२७ रोजी भुयारी रेल्वे सुरू झाली आणि ३० जून १९५६ रोजी तिची प्रवासी वाहतूक थांबली. इरी कालवा शहराबाहेरून वळवल्यावर मोकळ्या झालेल्या पात्रात रूळ टाकले गेले आणि मध्यवस्तीत त्यावर छत घालून ब्रॉड स्ट्रीट तयार झाला. नोकरी-शिक्षणानिमित्त तिथे राहिलेल्यांनी आपण पाहिलेले, ऐकलेले सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी २००४ साली शिकायला गेलो, तेव्हा मित्रांबरोबर जेनेसी नदीवरच्या जुन्या जलसेतूत उतरलो होतो. १८४२ चा हा दगडी सेतू मूळचा कालव्याचा. पुढे त्यातून रेल्वे गेली आणि माथ्यावर रस्ता चढला, म्हणजे तळाशी नदी, मध्ये गाडी आणि डोक्यावर मोटारी. कमानींतून आलेला उजेड ओल्या जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता, खांब तळापासून वरपर्यंत रंगवलेले होते आणि वरून मोटार गेली की तिची धडधड छतातून खाली उतरत असे. इतके भक्कम बांधकाम प्रवाशांच्या उपयोगी जेमतेम एकोणतीस वर्षेच पडले, याची हळहळ मला आजही वाटते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात भुयाराचे वर्णन आले आहे, पण बोगद्याचा भाग सुमारे दोनच मैलांचा होता. बाकी मार्ग उघड्या खाचेतून जाई. मी अनेक वर्षे महामार्ग ४९० वरून कामाला जात असे. शेजारच्या आजींनी एकदा सांगितले, "तू जिथून गाडी हाकतोस, तिथूनच आईचा हात धरून मी नाताळच्या खरेदीला रेल्वेने जायची." पूर्वेकडची ती खाच महामार्गाला आयती मिळाली होती. त्यानंतर त्या उतारावर आलो की त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नसे.

प्रतिसाद ३

केवळ मोटारींमुळे ही रेल्वे बुडाली असे म्हटले जाते, पण ते मला पटत नाही. आसपासच्या गावांहून येणाऱ्या विजेच्या गाड्या शहरातल्या रस्त्यांवरून हटवून या मार्गाने आत आणायच्या, हा बांधकामामागचा मोठा हेतू होता. त्या सेवाच १९३१ पर्यंत बंद पडल्या. उरलेला मार्ग कालव्याच्या वळणाने जात होता, लोकवस्तीच्या सोयीने नव्हे. युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा गर्दी वाढली, पण ती टिकली नाही. मालवाहतूक मात्र पुढेही चालू राहिली आणि वृत्तपत्राच्या कागदाची रिळे १९९० च्या दशकापर्यंत याच भुयारातून येत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

प्रतिसाद ४

शहराच्या दक्षिणेला असलेल्या रेल्वे संग्रहालयात या मार्गावरचा ६० क्रमांकाचा डबा आहे. माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. ते पुण्याहून आले तेव्हा मी त्यांना तिथे नेले. बाकी सगळे प्रवासी डबे मोडीत निघाल्याचे कळल्यावर ते चाकापाशी उकिडवे बसले आणि निघायची वेळ झाली तरी उठेनात.