मदत हवी आहे: मॉरिशसच्या बेटावर गोल्फ, डावखुऱ्याने स्वतःचे किट न्यावे का?

नमस्कार. भाताची लावणी उरकल्यावर आणि गणपतीच्या आधी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, आम्ही उभयता सहा दिवस मॉरिशसला जात आहोत. हॉटेल पूर्व किनाऱ्यावर असल्याने इल ओ सर्फ बेटावरच्या मैदानावर एक दिवस खेळावे, अशी फार इच्छा आहे. बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले हे 18 होलचे, पार 72 चे (म्हणजे चांगल्या खेळाडूकडून 72 फटके अपेक्षित असलेले) मैदान 2003 मध्ये सुरू झाले, तेथे होडीने जावे लागते आणि खेळताना कांदळवन, काळा खडक व समुद्र यांची सतत सोबत असते, एवढी माहिती जमवली आहे. आता तेथे, किंवा परदेशातील अशा एखाद्या रिसॉर्टच्या मैदानावर, जे स्वतः खेळले आहेत त्यांचा सल्ला हवा आहे.

माझी मुख्य अडचण अशी की मी डावखुरा आहे. मागे एका परदेशी रिसॉर्टला डावखुरे किट (क्लब म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्यांचा भाड्याचा संच) हवे असल्याचे आधी पत्राने कळवले होते आणि त्यांचा होकारही आला होता. प्रत्यक्षात पिशवीत सहाच क्लब निघाले आणि त्यातला पटर (चेंडू जमिनीवरून होलात ढकलण्याचा क्लब) उजव्या हाताचा होता. क्लबच्या डोक्याच्या कोणत्याही भागाने चेंडू मारणे नियमात बसते, म्हणून त्या पटरच्या पाठीने अठरा होल कसेबसे पुरे केले; पण सहा फुटांवरून होलात जायला पटरचे तीन-तीन फटके लागले की भाड्याचे पैसे आठवतात. म्हणून या वेळी स्वतःचे किट न्यावे, असे मन घेते. मात्र गुहागरहून चिपळूण, तेथून रेल्वेने मुंबई आणि पुढे विमान, एवढ्या प्रवासात पूर्ण पिशवी ओढण्याचे आता वय नाही. नियमाने चौदा क्लब चालत असले, तरी सातच न्यायचे ठरवले तर कोणते निवडावेत? पटर, सात नंबरचे आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) आणि सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्याचा क्लब) नक्की. ड्रायव्हरबद्दल (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) मन डळमळते.

दुसरी शंका वाऱ्याची आहे. ऑगस्टमध्ये तेथे हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात. सरावासाठी मी हापूसच्या दोन कलमांमध्ये शेडनेट बांधून काथ्याच्या चटईवरून मारतो (खाली जांभा असल्याने चटईबाहेर क्लब लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात). पाऊस उघडला की पहाटे ओहोटीच्या ओल्या पुळणीवरून वाऱ्यात उडू नये म्हणून चेंडू कमी उंचीवरून मारण्याचाही प्रयत्न करतो, परंतु तेथे चेंडू हुकला तर चालत जाऊन उचलता येतो. पाण्यात गेला तर काय होणार, हे उघड आहे. माझा हँडिकॅप 26 (म्हणजे पारपेक्षा साधारण तेवढे फटके जास्त) असून ड्रायव्हरने चेंडू हवेतून जेमतेम 160 यार्ड जातो. एवढ्या ताकदीच्या माणसाने तेथे कोणत्या टीवरून (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) सुरुवात करावी, की पुढच्या टीवरूनही पाणी ओलांडणे भाग पडते?

सौ. खेळत नाही. तिला माझ्याबरोबर बग्गीत बसू देतात का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हेही कोणी सांगावे.

शेवटी, चेंडू किती न्यावेत? माझा अंदाज दोन डझनांचा आहे, सौ.च्या मते तीन.