पहिला सीआरपी नॉर्मल, मग अँटिबायोटिक कशाला?

नवजात बाळाच्या संसर्गाबद्दल वर एका ताईंनी हा प्रश्न विचारलाय. मी सांगलीत एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे, म्हणून लिहिते. सीआरपी म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारा एक घटक. तो यकृतात तयार होतो आणि संसर्ग सुरू झाल्यावर तो वाढायला दहा-बारा तास तरी जातात. म्हणून एकाच रिपोर्टवर भागत नाही. २४ तासांनी पुन्हा करतात. दोन्ही नॉर्मल, कल्चरही (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आणि बाळ छान असेल, तर डॉक्टर अँटिबायोटिक बंद करतात.

प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे संसर्गासाठी रक्तात बघतात ती दुसरी गोष्ट, लवकर वाढतं खरं, पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही चढलेलं असतं. मोठ्यांची नॉर्मल पट्टी तिथे लावली की घरचे उगाच घाबरतात.

खरा पुरावा ब्लड कल्चर. त्याला निदान १ मिली रक्त हवं. परवा मी टॉर्च धरून दीड किलोच्या बाळाची शीर शोधत होते, तर मिरजेच्या आजी काचेपलीकडून हात जोडून उभ्या. ‘एवढंसं पोर, अजून किती काढशील गं?’ काय सांगणार! पण कमी रक्त घेतलं तर जंतू असूनही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं.

आणि त्या बाळाचा पहिला सीआरपी नॉर्मलच होता. फक्त सकाळपासून ते दूध ओढत नव्हतं आणि तळपाय गार लागत होते.