स्विफ्टच्या डिकीत १२ इंची वूफर: सील डबा की पोर्ट डबा?

चिपळूणचा_पाऊस

मंडळी, सल्ला हवाय. गाडी २०१९ ची स्विफ्ट, पेट्रोल. १२ इंची वूफर (बेसचा स्पीकर) आणि त्याला चालवणारा मोनो ॲम्प घेऊन झालाय, डबा तेवढा राहिलाय. वूफर ४ ओहम, ३०० वॉट आरएमएस (म्हणजे सतत पेलेल एवढी ताकद). ॲम्पही ४ ओहमवर तेवढाच देतो.

दुकानदार म्हणतो पोर्टचाच (हवा ये-जा करायला नळी असलेला) घ्या, सीलमध्ये (सगळीकडून बंद डब्यात) मजा नाही. मावसभाऊ म्हणतो पोर्ट म्हणजे नुसता धबधबाट, गाणं ऐकायचं असेल तर सील. दोघंही ठाम, आणि दोघंही कारण सांगत नाहीत.

ऐकणं असं: बाबा सोबत असले की नाट्यसंगीत आणि भजनं, एकटा असलो की हिपहॉप. अधूनमधून कुंभार्ली घाटातून कराडमार्गे पुणे. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या असतात, त्यामुळे डबा काढता-घालता आला पाहिजे.

वूफरच्या कागदावर लिहिलंय: एफएस २७ हर्ट्झ, क्यूईएस ०.५५, क्यूटीएस ०.५०, व्हीएएस ५० लिटर. यातलं मला ओ की ठो कळत नाही.

नादखुळा_९

पोर्ट. डोळे झाकून. तेवढ्याच ॲम्पवर ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या सुराला घुमतो त्याच्या, आसपास ३ डेसिबल जास्त मिळतात. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट वॉट, तेही फुकट. सीलमधून तेवढाच आवाज काढायचा तर ६०० वॉटचा ॲम्प लागेल, तो बॅटरीतून ५० अँपिअरच्या वर ओढेल. मग जाड वायर, मोठा फ्यूज, आणि रात्री एसी-हेडलाइट चालू असताना बेसच्या ठोक्याला दिवे मिणमिणणार. सील घेऊन पैसे कशाला घालवायचे?

इचलचा_व्होल्टमीटर

नादखुळा, तुझा ३ डेसिबलचा हिशेब बरोबर आहे. पण तो वूफर पोर्टला साजेसा असेल तर. धागाकर्त्याचा आहे का, ते बघायला नको?

भावा, दुकानदार आणि मावसभाऊ दोघंही डब्यावर भांडतायत, वूफरचा कागद कोणी वाचलाच नाही. एफएस म्हणजे मोकळ्या वूफरचा स्वतःचा सूर. क्यूईएस म्हणजे त्या सुरावर कोनाला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) कॉइल-चुंबकाचा लगाम किती, क्यूटीएस म्हणजे एकूण लगाम; आकडा मोठा तितका लगाम सैल. व्हीएएस म्हणजे कोनाइतकीच लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये. एफएसला क्यूईएसने भाग. २७ भागिले ०.५५, म्हणजे ४९. ढोबळ नियम असा की उत्तर ५० च्या आत आलं तर वूफर सीलचा, १०० च्या वर गेलं तर पोर्टचा, मधल्यांना दोन्ही चालतं. तुझा काठावर बसलाय, पण सीलच्या बाजूला. क्यूटीएस ०.५० तेच सांगतोय. त्या कोनाचा लगाम सैल आहे. असा वूफर पोर्टमध्ये घातला की ट्यूनिंगच्या जागी उंचवटा येतो आणि प्रत्येक गाण्यात तोच एक सूर पुढे पुढे करतो. तुझ्या मावसभावाने ऐकलेला धबधबाट बहुतेक हाच. दोष पोर्टचा नाही, जोडी जमली नाही.

हे आकडे म्हणजे कंपनीची जाहिरात नव्हे. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी ही गणितं मांडली, आणि आता वूफरवाले तीच कागदावर छापतात. त्याआधी डबे बरेचसे अंदाजपंचे बनायचे. आमच्याकडे मंडपवाले अजून तसेच बनवून घेतात आणि मग फाटलेले कोन माझ्या टेबलावर येतात. असो, त्यावरच माझं दुकान चालतं.

आता गाडी. हा भाग दुकानात कोणी सांगत नाही. केबिनची सर्वात लांब बाजू अडीच मीटर धर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ३४३ भागिले ५, साधारण ६८ हर्ट्झ. त्याच्या खालच्या सुरांची अर्धी लाटसुद्धा गाडीत मावत नाही. मग वूफर आतली सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि सूर जितका खाली जाईल तितका आवाज चढत जातो. कागदावर हा चढ सप्तकामागे १२ डेसिबलचा. आणि सील डबा आपल्या सुराखाली कितीने पडतो? सप्तकामागे १२ डेसिबलनेच. एकाचा उतार, दुसऱ्याचा चढ. काचा, दारं, पत्रा यांतून दाब गळतो म्हणून हिशेब पुरता मिटत नाही. पण घरात पातळ वाटणारा सील डबा हॅचबॅकमध्ये खालपर्यंत भरलेला वाटतो तो यामुळेच. पोर्ट ट्यूनिंगच्या खाली २४ ने पडतो, आणि ट्यूनिंगच्या जागी आधीच जो उंचवटा आहे त्यावर केबिन आणखी भर घालते. गाडी सेडान असती तर मी एवढं छातीठोक बोललो नसतो. तिथे डिकी आणि केबिनमध्ये सीट आणि पत्रा आडवा येतो.

मापं: सील डबा आतून २८ लिटर निव्वळ ठेव. क्यूटीसी, म्हणजे डब्यात बसवल्यावरचा क्यूटीएस, ०.८३ येतो, डब्यातला सूर ४५ हर्ट्झ. अगदी सपाट, म्हणजे ०.७०७, हवा असेल तर ५० लिटर लागतील. पण ०.८३ चा उंचवटा अर्धा डेसिबलही नाही, त्यासाठी आंब्याच्या पेटीची जागा घालवू नकोस. आत उशीत घालतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भर, डबा आहे त्याहून जरा मोठा असल्यासारखा वागतो. छोट्या सीलबंद डब्यात १२ इंची वूफर ही कल्पना १९५४ ची आहे. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी तसा घरगुती स्पीकर बाजारात आणला. तोवर खोल बेससाठी कपाटाएवढी पेटी लागायची.

राहिले तुझे बाबा. काळी एकचा सा साधारण १३९ हर्ट्झ, त्याचा खर्ज ६९. नाट्यसंगीतात याच्या फार खाली काही घडत नाही. तिथे महत्त्वाचा डग्गा. तळहात दाबला की त्याचा घुमारा वर सरकतो, तो सरकताना ऐकू आला पाहिजे आणि ठेका थांबला की थांबला पाहिजे. सीलमध्ये ते चांगलं जमतं. हिपहॉपच्या ४०-५० हर्ट्झच्या ठोक्याला केबिन मदत करेलच.

नादखुळा_९

काका, गणित मान्य. पण माझ्या वॅगनआरमध्ये पोर्टच आहे आणि एक नंबर वाजतोय.

इचलचा_व्होल्टमीटर

वाजणारच. तुझ्या वूफरचा कागद टाक. क्यूटीएस ०.३५-०.४० च्या आसपास असेल तर मीही तुला पोर्टच सांगितला असता, आणि मोठ्या ॲम्पचे पैसे वाचव म्हटलं असतं. एक विचारतो, ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर कापणारा) लावलायस ना? ट्यूनिंगच्या सुरावर कोन जवळजवळ हलतच नाही, सगळं काम पोर्टमधली हवा करते. म्हणून माणसाला वाटतं अजून जागा आहे, आणि तो गेन (ॲम्पने सिग्नल किती वाढवायचा ते बटण) वाढवतो. पण त्या सुराच्या खाली डब्यातल्या हवेचा आधार निघून जातो आणि कोन मोकाट सुटतो. ३४ हर्ट्झला ट्यून केला असशील तर फिल्टर २८-३० ला हवाच. माझ्याकडे येणाऱ्या पोर्टवाल्या वूफरांमध्ये हेच कारण जास्त दिसतं.

म्हापशाचा_रंधा

सुतारकामाबद्दल दोन शब्द, कारण चिपळूण म्हणजे आमच्यासारखीच हवा. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) घेऊ नका. कापायला सोपा, आवाजालाही चांगला, पण पावसाळ्यात ओले बूट, छत्र्या डिकीत पडतात आणि कडा फुगतात. एकदा फुगला की सांधा उघडतो, आणि सील डब्याला सांधा उघडून चालत नाही. १८ मिमी मरीन प्लाय घ्या, पाटीवर आयएस ७१० छापलेलं बघून. सांध्याला फेविकॉल आणि स्क्रू, आतून सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय वूफर बसवू नका.

आतलं माप ४० × ३४ × २३.५ सेंमी धरलं तर ३२ लिटर होतात. वूफरचं चुंबक-टोपली आणि एक आडवा दांडा वजा केला की काकांचे २८ उरतात. वूफर ४० × ३४ च्या बाजूला. त्याची खोली आधी मोजून घ्या.

पोर्टचं म्हणाल तर लोक प्लंबिंगचा चार इंची पीव्हीसी पाइप घालतात. ५० लिटरचा डबा ३४ हर्ट्झला ट्यून करायचा तर तो ३६ सेंमी लांब लागतो. पण ३०० वॉटला एका पाइपातून हवा फुसफुसते. म्हणून दोन घातले तर प्रत्येकी ८० सेंमी! ते डब्यात बसवायचे कुठे? मग फळ्यांचा चपटा पोर्ट करावा लागतो आणि डबा बाहेरून ७५ लिटरच्या पुढे जातो. सीलचा बाहेरून ४५ च्या आत राहतो. डिकी आहे २६८ लिटरची.

चिपळूणचा_पाऊस

काका, रंधाभाऊ, आभार. आमच्या सुताराला माप दिलंय, प्लाय शनिवारी आणतो. आता सेटिंगचं सांगा. आणि डबा रोज बांधून ठेवायचा की नुसता ठेवला तरी चालेल?

इचलचा_व्होल्टमीटर

लो पास ८० हर्ट्झवर, म्हणजे वूफरला त्याच्या खालचेच सूर. दारातल्या स्पीकरना हाय पास तिथेच, म्हणजे त्यांना वरचे. बेस बूस्ट शून्य, त्या बटणाला हातच लावू नकोस. गेन लावताना हेडयुनिटचा आवाज तीन चतुर्थांश ठेव आणि ओळखीचं गाणं लाव. आवाज फाटायला लागला की गेन मागे घे. फाटलेला सिग्नल वूफरची कॉइल जाळतो, डबा कुठला का असेना. मग फेज (कोन आधी पुढे ढकलायचा की मागे) उलटसुलट करून बघ. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्यात बेस भरीव वाटेल तो ठेव.

डबा बांधायचाच. वूफरसकट वीस किलोच्या आसपास जाईल, आणि घाटात जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर येईल. तिथे तुझे बाबा बसलेले असतात. मागच्या सीटच्या बिजागरीच्या बोल्टला दोन पट्टे अडकव, क्लिपवाले. आंब्याच्या दिवसांत पट्टे सोडायचे, वूफरच्या वायरचा प्लग काढायचा, डबा घरात. ॲम्प सीटच्या पाठीला वेगळा लाव, म्हणजे तो हलवायला नको.

नादखुळा_९

माझा क्यूटीएस ०.३८ निघाला, काका. फिल्टर बंद होता, आत्ता ३० ला लावला.

पाऊस, तुला एक सांगतो: पहिल्यांदा वाजवशील तेव्हा खडखड आली तर लगेच वूफरवर शंका घेऊ नको. नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी चिकटव, डिकीच्या झाकणाच्या आतलं प्लॅस्टिक दाबून बघ. आणि पार्सल ट्रे काढून एकदा ऐक, निम्मी खडखड तिथलीच असते.