अजाइलची मूलतत्त्वं शिकायची आहेत – क्लास लावू की घरीच वाचू? (बजेट ५००० रु., पिंपरी-चिंचवड)

चिंचवडची_लेक
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत नऊ वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. गेल्या वर्षी कंपनीने छोटी सॉफ्टवेअर टीम उभी केली. सात जण आहेत, मशीनचा डेटा गोळा करून शॉपफ्लोअरच्या स्क्रीनवर दाखवायचं काम. पुढच्या महिन्यापासून ही टीम माझ्याकडे येतेय. साहेबांनी एवढंच सांगितलंय, "अजाइल पद्धतीने चालवा." म्हणजे काम लहान टप्प्यांत करायचं आणि प्रतिसाद घेत पुढे जायचं, इतपत ऐकून आहे. मुलं स्प्रिंट, बॅकलॉग, स्टोरी पॉइंट असं बोलतात आणि मी मान डोलावते. मला ते मनापासून खटकतं.

बजेट ५००० रुपये, स्वतःच्या खिशातून. वेळ रात्री ९ नंतर आणि शनिवारी अर्धा दिवस. मुलगा दुसरीत आहे, त्यामुळे कोथरूड-हडपसर जमणार नाही. सर्टिफिकेट नको, नोकरी बदलायची नाही. पाया पक्का व्हायला हवा. काय करू?

हिंजवडी_फेज३
ताई, डोळे झाकून सीएसएम करा, म्हणजे सर्टिफाइड स्क्रम मास्टर. स्क्रम ही अजाइलने काम करायची एक पद्धत, आणि टीमला ती नीट चालवायला मदत करणारा तो स्क्रम मास्टर. दोन दिवसांचा क्लास, मग ५० प्रश्नांची परीक्षा, ३७ बरोबर आले की पास. मी २०२२ मध्ये केलं, २८ हजार लागले, पण पुढच्याच वर्षी स्विच मारला आणि पगार चांगलाच वाढला. शिकवणाऱ्याने कागदी विमानं बनवायला लावून स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, समजावला होता, तो आजही डोक्यात आहे. पैशांकडे बघू नका, ही गुंतवणूक आहे.

पेठेतला_पीएम
सीएसएमला +१. कंपनीकडे पैसे मागून बघा, बऱ्याच कंपन्या देतात. फक्त दर दोन वर्षांनी पैसे भरून रिन्यू करावं लागतं, ते हिंजवडीकरांनी सांगितलं नाही.

जुना_डेव्हलपर
ताईंनी सर्टिफिकेट नको म्हटलंय आणि बजेट ५००० सांगितलंय. वाचा तरी.

माझा अनुभव सांगतो. एका ठिकाणी तीन वर्षं रोज सकाळी स्टँडअप, म्हणजे टीमची उभ्याने बैठक, व्हायचा पंचेचाळीस मिनिटं. मॅनेजर वही उघडून एकेकाला विचारायचे, काल काय केलंस, आज काय करणार, काय अडलंय. अकरा जणांतले दहा जण आपला नंबर येईपर्यंत भिंतीला टेकून उभे. स्क्रम गाइडमध्ये या बैठकीला १५ मिनिटं दिलीत आणि ती डेव्हलपर मंडळींनी आपलं दिवसाचं काम जुळवण्यासाठी आहे, साहेबांना हजेरी देण्यासाठी नाही. ते ठरीव तीन प्रश्न तर २०२० च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. ताई, बाकी काही शिका न शिका, तुमच्या मुलांना असं उभं करू नका.

वाचायचं म्हणाल तर हेच गाइड वाचा. स्क्रम तयार करणाऱ्या श्वाबर आणि सदरलँड या दोघांनी लिहिलंय, फुकट आहे, जेमतेम १३ पानं. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा.

पेठेतला_पीएम
गाइडच्या आधी अजाइल मॅनिफेस्टो वाचायला हवा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी तो लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं. स्क्रम म्हणजे अजाइल नव्हे, स्क्रम ही त्यातली एक चौकट आहे. पुण्यात निम्म्या लोकांना हा फरक माहीत नाही.

हिंजवडी_फेज३
स्क्रम तर मॅनिफेस्टोच्या आधीचं आहे. १९९५ मध्येच त्यावर पेपर सादर झाला होता. मग ते 'त्यातलं' कसं?

पेठेतला_पीएम
आधीचं आहे, मान्य. पण त्या १७ जणांत स्क्रमवाले होते, एक्सपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवालेही होते. सगळ्यांना जे समान वाटलं ते कागदावर आलं. म्हणून मॅनिफेस्टो हे छत्र.

आकुर्डी_टूलरूम
या वादात ताईंचा प्रश्न राहिला बाजूला.

ताई, तुम्ही प्लॅनिंगच्या. कानबान कार्ड तुम्ही आयुष्यभर हाताळलंय. बिन रिकामा झाला की कार्ड मागे जातं आणि कार्ड आल्याशिवाय मागचा माणूस माल बनवत नाही. टोयोटात ताइची ओहनो यांनी हे बसवलं, तेच तत्त्व पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलं. बोर्डवर तीन रकाने करा, 'करायचं', 'चालू', 'झालं'. मधल्या रकान्यात किती कामं राहू शकतात त्याला मर्यादा घाला. सात माणसांत सोळा कामं 'चालू' दिसली तर समजायचं की लाइनवर डब्यांचा ढीग लागलाय.

हिशोबही सोपा आहे. हातात १२ कामं आणि आठवड्याला ३ पूर्ण होत असतील, तर नवीन काम सरासरी चार आठवड्यांनी बाहेर पडणार. साहेबांनी "कधी होईल" विचारलं की हे सांगता येतं. स्टोरी पॉइंटच्या नादी लागू नका.

चिंचवडची_लेक
आकुर्डीकर, हा पहिला प्रतिसाद जो एका वाचनात कळला. धन्यवाद. पण मुलं स्टोरी पॉइंट धरूनच बसलीत. एक म्हणतो हे काम ५ चं, दुसरा म्हणतो ८ चं, आणि त्यावर अर्धा तास जातो. ते नेमकं काय असतं?

मोशीची_मेघा
पॉइंट म्हणजे तास नव्हेत. हे काम त्या कामाच्या तुलनेत किती मोठं, किती अवघड, एवढंच. १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे घेतात, कारण काम मोठं होत जातं तसा अंदाज ढोबळ होत जातो. सगळ्यांनी आपापल्या आकड्याचे पत्ते एकदम उघडायचे. एकाचा २ आणि दुसऱ्याचा १३ निघाला तर त्या दोघांनाच आधी बोलू द्यायचं. तेरा म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा अशी एखादी अडचण दिसलेली असते जी बाकीच्यांच्या लक्षातच आलेली नसते. ५ की ८ यावर मात्र घासाघीस करू नये, मोठा आकडा घेऊन पुढे जावं. आणि गंमत बघा, स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही.

दोन टीमच्या पॉइंटची तुलना साहेबांना कधीच करू देऊ नका. आमच्याकडे झाली. पुढच्या स्प्रिंटपासून ३ चं काम ८ चं झालं आणि कागदावर आमचा वेग दुप्पट.

नवी_पालवी
मीही याच शोधात आहे. बीई मेकॅनिकल, २०२४ पासआउट. थेट स्क्रम मास्टर होता येईल का? वाकडला एक क्लास प्लेसमेंटसकट ६० हजार सांगतोय.

जुना_डेव्हलपर
नको. प्लेसमेंटच्या नावावर पैसे भरू नकोस. आधी कुठल्या तरी टीममध्ये एक-दोन वर्षं हाताने काम कर.

हिंजवडी_फेज३
वाकडला क्लास असेल तर संध्याकाळी पुलाखालीच पाऊण तास जाईल, तेही धरा.

मोशीची_मेघा
@नवी_पालवी, परीक्षाच द्यायची असेल तर पीएसएम वन, म्हणजे प्रोफेशनल स्क्रम मास्टरची पहिली परीक्षा, बघ. क्लासची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्के लागतात, आणि ते सर्टिफिकेट रिन्यू करावं लागत नाही. फी डॉलरमध्ये असते. आधी त्यांची ३० प्रश्नांची फुकट चाचणी आहे, स्क्रम ओपन नावाची, ती सलग पाच-सहा वेळा पूर्ण मार्कांनी सुटेपर्यंत पैसे भरू नकोस. ताई, तुम्हीही ती चाचणी सोडवा, पाया कुठे कच्चा आहे ते कळेल.

रात्रपाळी_टेस्टर
उशिरा लिहितोय, पण ताईंचं काम शॉपफ्लोअरचं आहे म्हणून राहवलं नाही.

आम्ही एका गोदामासाठी टॅबलेटवरचं ॲप केलं होतं. पाच स्प्रिंट झाले, दर वेळी डेमो एसी कॉन्फरन्स रूममध्ये, साहेब खूश. सहाव्या स्प्रिंटनंतर ॲप गोदामात गेलं. तिथले एक काका रबरी हातमोजे घालून काम करायचे. ते बटण दाबतायत, काहीच होत नाही. मग दाताने मोज्याचं टोक धरून मोजा काढला, दाबलं, परत घातला. पुढच्या खोक्याला पुन्हा तेच. मी शेजारी उभा राहून वीस खोकी बघितली आणि मला शरमल्यासारखं झालं. आमच्या टेस्ट केस सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या.

ताई, दर दोन आठवड्यांनी काम दाखवायचं ते ऑपरेटरला, त्याच्या मशीनपाशी. आणि 'झालं' कशाला म्हणायचं ते टीमने आधी लिहून ठेवावं, यालाच डेफिनिशन ऑफ डन म्हणतात. आमच्या यादीत त्यानंतर पहिली ओळ आली, 'मोजे घालून चालवून बघितलं.'

आकुर्डी_टूलरूम
वा. यालाच आम्ही गेम्बा म्हणतो, जागेवर जाऊन बघणं.

पेठेतला_पीएम
प्रसंग चांगला आहे, पण ताईंनी तरीही एकदा रीतसर क्लास करावा असं माझं मत कायम आहे.

चिंचवडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर विचार केला. गाइड प्रिंट करून दोनदा वाचलं, स्क्रम ओपनमध्ये ३० पैकी १९ आले. क्लास लावणार नाही आणि परीक्षाही देणार नाही. आकुर्डीकर, रागावू नका, कामांना मर्यादा घालणारा बोर्डही लगेच लावणार नाही. मुलांचे स्प्रिंट जसे चालू आहेत तसेच तीन आठवडे राहू देणार आहे.

प्लॅनिंगला नवीन लाइन हातात आली की मी आधी रजिस्टर घालते. इथेही तेच करणार. कुठलं काम कुणाकडून आलं, कधी हातात घेतलं, कुठे अडकलं, ऑपरेटरच्या हातात कधी पडलं, एवढं रोज लिहायचं. काल पहिल्या दिवशी नऊ नोंदी झाल्या. त्यातली पाच कामं बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, नव्हतीच, वेगवेगळ्या खात्यांतल्या साहेब लोकांनी परस्पर फोन करून सांगितलेली. हे मला कुठल्याच क्लासने दाखवलं नसतं. स्क्रम की कानबान ते महिनाअखेरीस मुलांबरोबर बसून ठरवेन.

पाच हजारांतून १०० पानी रजिस्टर आणलं, ७० रुपये.

हिंजवडी_फेज३
तीन आठवडे वाया जातील ताई. पण लिहा इथे काय झालं ते.

रात्रपाळी_टेस्टर
ती फोनवरची पाच कामं कोणत्या खात्यांतून आली, तेही रजिस्टरमध्ये लिहा. वेगळा रकाना करा.

चिंचवडची_लेक
केला. पाचातली तीन डिस्पॅचची आहेत. उद्या सकाळी तिथे जाऊन बसते.