राजद्रोह की देशद्रोह? (आणि मधेच फितूर)

अनुवादिनी
एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. विषय: भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ आणि सोशल मीडियावरच्या पोस्टी. 'सेडिशन'ला मी सगळीकडे 'राजद्रोह' लिहिलं होतं. संपादकांनी सरसकट 'देशद्रोह' करून टाकलं. वर शेरा: "राजे गेले, आता देश." परिणामी १९०८ चा परिच्छेद 'टिळकांवरील देशद्रोहाचा खटला' असा झालाय. मला ते वाचवत नाही. पण नव्या कलमापुरतं त्यांचं बरोबर आहे का?

वकीलपत्र
टिळकांपुरतं भांडाच. 'सेडिशन'चं जुनं कलम, भारतीय दंड संहितेचं १२४अ, आलं १८७० साली आणि त्यातला गुन्हा सरकारविरुद्धचा. सरकारविषयी द्वेष, तुच्छता, अप्रीती पसरवली तर शिक्षा. देशाबद्दल त्यात अवाक्षर नाही. १८९७ च्या पहिल्या खटल्यात न्या. स्ट्रॅचींनी तर अप्रीती म्हणजे 'प्रीतीचा अभाव' असा अर्थ लावला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा!
१५२ मध्ये ते गेलं. आता फुटीरता, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया, सार्वभौमत्व आणि एकता-अखंडता धोक्यात आणणं. माध्यमांत 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द मुद्दाम घातलाय. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. मात्र 'देशद्रोह' हा शब्द कलमात कुठेही नाही. गृहमंत्री डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत बोलले की राजद्रोहाच्या जागी देशद्रोह आणला, तो तिथला.

सासवडकर
संपादकांचं 'राजे गेले' पटत नाही. राजपत्र, राजदूत, राजधानी, राजीनामा हे सगळे बदलणार का?

मोडीवाला
राजीनामा त्या पंगतीत कुठून बसवलात? तो राजी + नामा. अरबी 'रझा', म्हणजे संमती. आपण हापिसात मागतो ती रजाही त्याच घरातली.
आणि मुळात या गुन्ह्याला मराठीत शब्द होता की: फितूर, फितवा, फितुरी. बखरी उघडून पाहा. द्रोहबिह पोथीतलं.

शुद्धमती
म्हणजे संस्कृत शब्द पोथीतला आणि अरबी शब्द घरचा? महापौर, दिनांक हे सावरकरांचे शब्द आज तुम्हीच वापरता ना, तेव्हा नाही पोथी आठवत.

मोडीवाला
मी 'तारीख'च म्हणतो.

वकीलपत्र
फितूर इथे चालणार नाही, तो कोर्टात दुसऱ्याच कामाला लागलाय. आमच्याकडे फक्त साक्षीदार फितूर होतो. परवाच एक पंच उलटला. "सही माझीच, पण कागद कोरा होता." न्यायाधीशांनी डोकं वर न करता विचारलं, "फितूर घोषित करायचा का?" या शब्दात आता बंड उरलेलं नाही, नुसती पलटी आहे.

पाटीपेन्सिल
शब्दाने काय फरक पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी १९०८ चं कामकाज वाचावं. खटला 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या मराठी लेखांवर. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठी एकालाही येत नव्हतं. म्हणजे त्यांनी ऐकलं ते सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराचीच उलटतपासणी घेतली, शब्द धरून. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले.
शंभर वर्षांनी पुन्हा तेच. २०१५ मध्ये राज्य सरकारने १२४अ कसं लावावं याचं मराठी परिपत्रक काढलं. त्यात लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात येईल अशी वाक्यरचना झाली. इंग्रजीवरून मराठी करताना घोळ झाला म्हणे. हायकोर्टात प्रकरण गेलं आणि परिपत्रक मागे घ्यावं लागलं. अनुवादिनीताई, तुमचा लेख निदान परिपत्रक नाही.

सासवडकर
मग माझं मत असं: सरकारवर बोललो तर 'राजद्रोही' म्हणवून घ्यायला कुणाला लाज वाटत नव्हती. गांधींनी १९२२ मध्ये गुन्हा उघड कबूल केला. पण 'देशद्रोही' म्हटलं की शेजारीपाजारी तोंड फिरवतात. शब्द बदलला की आरोपी कोर्टाच्या आधी आळीत दोषी ठरतो. संपादकांच्या हे लक्षात आलं नाही, किंवा आलं म्हणूनच बदललं.

शुद्धमती
असं काही नाही. परकीय सरकार आणि आपलं सरकार यांत फरक आहे, तो शब्दात दिसायलाच हवा. सैन्याच्या हालचालींचे व्हिडिओ टाकणाऱ्याला काय म्हणायचं? राजद्रोही?

वकीलपत्र
त्याला शासकीय गुपिते अधिनियम आहे, १९२३ चा. प्रत्येक आरोपाला एकच विशेषण चिकटवलं तर कलमं कशाला छापली?

मोडीवाला
'टाकणे' या क्रियापदावर कुणी बोलणार आहे का? पोस्ट टाकतात, व्हिडिओ टाकतात, स्टेटस टाकतात. आमच्या लहानपणी पोस्टात पत्र टाकायचे आणि विहिरीत जीव टाकायचे.

पाटीपेन्सिल
आणि 'लाइक'? २०१२ च्या पालघर प्रकरणात एका मुलीने मुंबई बंदवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं होतं, ते २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. तेव्हा एका मराठी बातमीत 'अंगठा दाखवला' असं वाचल्याचं आठवतंय. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे चक्क नकार!

शुद्धमती
'पसंती दर्शवली' लिहावं.

मोडीवाला
पसंत फारसी आहे.

अनुवादिनी
टिळकांचा परिच्छेद परत राजद्रोहावर आणलाय, संपादक कुरकुरत का होईना हो म्हणाले. १५२ ला 'देशद्रोह' असं नाव द्यायचं की नुसता कलमाचा आकडा, ते अजून लटकलंय. आणि 'सबव्हर्सिव्ह'ला वर वकीलपत्र यांनी 'विध्वंसक' म्हटलंय. पूल उडवणं विध्वंसक, पण पोस्ट कशी विध्वंसक? कुणाकडे दुसरा शब्द आहे का?

मोडीवाला
फितूर.